समोरच्या दाराची पाळी

मंगळवार, २१ मे

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे, झोप, भूक, सगळं बरं असेल असं धरून चालते. आमचं इकडे बरं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर उन्हाने जीव नकोसा झालाय, आणि माणसांनी त्याहून जास्त. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला चारदा बसले आणि चारदा उठले. फोन करता आला असता, पण कान टवकारून ऐकणारं एक माणूस सध्या माझ्या आतल्या खोलीत आहे. कोण, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जाऊबाईंकडे येतेच मी. आधी माझी कटकट ऐकून घ्या.

तुमच्या भाच्याने फोनवर 'उन्हाळी सोबत' म्हणून काहीतरी सांगितलं असेल. ते काय प्रकरण आहे ते नीट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या इमारतीतले एक गृहस्थ घरात एकटेच उष्माघाताने गेले. दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग साठला तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. सगळ्या वसाहतीला त्याची लाज वाटली. म्हणून यंदा ऊन तापायच्या आधीच बैठका सुरू झाल्या, आणि बैठकांचे पुढारी झाले तळमजल्यावर नव्याने राहायला आलेले एक निवृत्त बस कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण सगळा जन्म गर्दी पुढे सरकवण्यात गेला, त्यामुळे आम्हालाही तसंच सरकवतात. गळ्यात अजून शिट्टी आहे. सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात आणि त्यांनाही तेच आवडतं.

त्यांनी वाचनालयाची खालची खोली मागून घेतली, जाड पडदे लावले, दोन मोठे कूलर आणि पाण्याचं पिंप आणून ठेवलं. पासष्टीच्या पुढच्या कुणीही दुपारभर येऊन बसावं, गार राहावं, बास. ऐकायला किती सोपं. पण वन्सं, म्हातारी माणसं गार ठेवणं म्हणजे नुसता डोक्याला ताप आहे. आमचे शिंपी मानेला वारा लागतो म्हणून भर मे महिन्यात मफलर गुंडाळून बसतात आणि कूलर बंद करायला लावतात. तो बंद केला की निवृत्त हेडक्लार्क बाई आपण गुदमरून कशा मरणार आहोत ते सगळ्यांना समजावून सांगतात. पंख्याखालच्या एका खुर्चीवरून रोज रुसवेफुगवे. आणि पाणी कुणी म्हणून पीत नाही. घशाला कोरड पडली तरी 'तहानच नाही हो' म्हणायचं. मी हातात पेले देत हिंडायची आणि माझी पाठ वळली की ही मंडळी ते खिडकीतल्या कुंडीत ओतायची. शेवटी माझ्या ध्यानात आलं, की तिथल्या संडासाची कडी बसत नाही आणि आत उठताबसता धरायला काही नाही. म्हणून घरी जाईपर्यंत कुणी घोटभर पाणी घ्यायला तयार नाही. कूलरवरून तासन्‌तास भांडतील, पण एवढं सांगायला एकाचं तोंड उघडेना. मी कंडक्टरांना सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी कडी आणि भिंतीला दांडी बसवून घेतली. मग पिंप दिवसातून दोनदा भरायला लागलं. माझे आभार कुणी मानले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. शिंपी एवढंच म्हणाले की कुंडी मात्र सुकली.

इथपर्यंत ठीक होतं. मग निघाली जोड्यांची टूम. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक जोडीदार. सकाळी एकाने दुसऱ्याकडे जायचं, दुपारी दुसऱ्याने पहिल्याकडे. डोळ्यांनी चेहरा बघायचा, आपल्यासमोर पेलाभर पाणी प्यायला लावायचं, आणि दिवसा कुणी दाराला आतून कडी घालायची नाही, दार नुसतं लोटून ठेवायचं. कंडक्टरांनी भर खोलीत जोड्या वाचून दाखवल्या. आमच्या मजल्यावर आले आणि म्हणाले, तुम्ही दोघी तर सख्ख्या जावा, दारं समोरासमोर, एवढी सोपी जोडी सगळ्या वसाहतीत नाही.

शिंप्यांना खोकला आला. कंडक्टर बिचारे नवीन, त्यांना काय कल्पना, की या दोन दारांमधून वर्षानुवर्षं एक शब्द इकडचा तिकडे गेलेला नाही. मी जाऊबाईंकडे बघितलं, त्या पिंपाकडे बघत होत्या. नको म्हणायचं कुणी? जी म्हणेल ती वाईट ठरणार. मी म्हटलं नाही, त्यांनी म्हटलं नाही, आणि सकाळची पाळी त्यांची, दुपारची माझी, असं ठरून गेलं.

आमचा अबोला कशावरून, ते उगाळत बसत नाही. गॅलरीच्या जागेवरून, असं सगळे समजतात. समजू दे.

ठरलं खरं, पण चेहरा बघायचा म्हणजे बोलावं लागणार. पहिल्या सकाळी जाऊबाईंनी माझ्या दारावर दोनदा टकटक केली. मी दाराशी गेले, उघडायला हात उचलला आणि तशीच राहिले. मग आतूनच दोनदा टकटक केली. त्यांच्या चपला घासत परत गेल्या. दुपारी मी तेच केलं आणि त्यांनी आतून तेच उत्तर दिलं. झालं. आमची सोबत ती ही. दोन टकटकी म्हणजे मी धडधाकट आहे आणि दार उघडणार नाही. संध्याकाळी कंडक्टर विचारायचे, जोडी बघितली का, की आम्ही खोलीच्या दोन टोकांना बसून एका सुरात 'बघितली' म्हणायचो. खोटं बोलण्यात आमचं जेवढं जमलं तेवढं दुसऱ्या कशात कधी जमलं नव्हतं.

आता तुमच्या पत्राकडे येते.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावाजवळ ज्येष्ठांसाठी एक चांगलं निवासस्थान आहे, गार खोल्या आहेत, परिचारिका असते, आणि पुढच्या महिन्यापासून तिथे जाऊबाईंसाठी जागा मिळतेय. त्यांचा मुलगा, तुमचा भाचा, परदेशातून निघू शकत नाही, म्हणून रविवारी तुम्ही स्वतः न्यायला येणार. पण त्याआधी तुम्ही मला विचारलंत. तुमचेच शब्द लिहिते: 'मोठ्या वहिनींच्या सगळ्यात जवळ तुम्ही आहात. त्या तिथे नीट राहू शकतील असं तुमचं मत असेल तर आम्ही आग्रह करणार नाही. तुमच्या शब्दावर ठरवू.' आणि खाली: 'तुम्ही वेळेवर पोचलात म्हणून त्या आज आहेत.'

त्या ओळीपाशी मी दर वेळी उठले.

झालं काय ते तुम्हाला कळलंच आहे. भर उन्हाळ्याच्या दुपारी जाऊबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या, मी गेले, त्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. खुब्याला मुका मार, हाड शाबूत. एकटं ठेवू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून तिथून त्या माझ्याकडे आल्या. हे तुम्हाला भाच्याने सांगितलं, आणि भाच्याला जाऊबाईंनी.

तर आता त्या पाहुण्या म्हणून कशा आहेत ते ऐका. मला उद्देशून कामापुरतं सोडून काही बोलत नाहीत. भिंतीला सांगतात. काही घरांत चहात साखर बेताने घालायची पद्धत दिसत नाही. काही लोकांना नळ पुरता बंद करता येत नाही. मी बाहेरून येते तर माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेले, आणि साखर कुठे ते त्यांनाच माहीत. पडदे मी ओढले की त्या उठून पुन्हा ओढतात, जशी काही माझ्या हातून फट राहिलीच असणार. माझे टॉवेल मी चार घड्यांचे ठेवते. त्या दुपारी सगळे उलगडतात आणि तीन घड्यांचे करतात. मी पुन्हा चार करते. माझी ब्लडप्रेशरची गोळी माझ्याआधी त्यांना आठवते, तेही भिंतीलाच. चालताना लंगडतात, पण काठी घ्या म्हटलं तर मला ऐकूच येत नाही असा चेहरा. वन्सं, मी हात टेकलेत. या वयात माझ्याच घरात मला पाहुणीसारखं वाटायला लागलंय.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे. 'या आणि घेऊन जा' एवढं लिहिलं की सुटलात. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्यांदा बसले ती हेच लिहायला.

जरा उठले होते. जाऊबाईंना पाणी दिलं आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिले. त्यांनी भिंतीला सांगितलं की काही लोक पोलीस खात्यात शोभले असते. आता लिहून टाकते, नाहीतर हे पत्र उन्हाळा संपेपर्यंत टेबलावर पडेल.

वन्सं, मी वेळेवर पोचले नाही.

त्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. वाचनालयातले कूलर बंद, म्हणून सगळे आपापल्या घरी. भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. कंडक्टर शिट्टी वाजवत जिने चढत-उतरत होते, जोड्या बघा, जोड्या बघा म्हणत. सकाळी जाऊबाई त्यांच्या पाळीला आल्या तेव्हा मी अंघोळ करत होते. उत्तराला वेळ लागला, तर त्यांनी दार असं बडवलं की सगळा जिना गोळा व्हायचा. मी ओल्या हातांनी आतून दोनदा वाजवलं आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले. दुपारी त्यांच्या दाराशी गेले ती तोच राग डोक्यात घेऊन. डोकं तसंही ठणकत होतं.

मी दोनदा टकटक केली. आतून उत्तर आलं ते भांड्यावर भांडं आपटल्यासारखं, ठणाठणा. मला वाटलं, सकाळी उशीर केला त्याचा राग काढताहेत. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी मी ऑपरेटर म्हणून केली. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचं माणूस चिडलंय की रडतंय ते ओळखायचे, याचा मला केवढा तोरा. त्या ठणठणाटात मला राग ऐकू आला. मी तळहाताने दार बडवलं. आतून पुन्हा ठणाठणा. मी पुन्हा बडवलं. त्या दाराला कडी नव्हती. जाऊबाईंनी नियम पाळला होता. मी बडवायला लावला तेवढा जोर ढकलायला लावला असता तर दार उघडलं असतं.

मग मी बोलले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. म्हटलं, 'वाजवा, हात दुखेपर्यंत वाजवा.' आणि घरी आले.

डोळ्यांवर ओला टॉवेल घेऊन आडवी झाले. पलीकडे थोडा वेळ आवाज चालू होता, मग हळू झाला, मग थांबला. तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला वाटलं, चला, आज मी जिंकले. आणि त्या समाधानात मला झोप लागली. जरा पडले होते, असं मी सगळ्यांना सांगितलंय. जरा नाही आणि पडले नाही, गाढ झोपले.

घामाने जाग आली. पहिलं मनात आलं ते हेच, की जाऊबाई थांबल्या कशा? लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला कुठल्याही भांडणात शेवटचं बोलू दिलेलं नाही. आमटीत मीठ किती असो, की खिडकीला रंग कुठला असो. अबोला मी धरला, तर त्यांनी तो माझ्यापेक्षा पक्का धरला. त्या बाईंनी आज माझं वाक्य तसंच कसं सोडलं? चपला न घालता धावले आणि दार ढकललं.

ओट्याखाली पडल्या होत्या. एका हातात डाव होता, शेजारी उलटं पातेलं. चेहरा लालबुंद आणि कोरडा, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाल्या, 'धाकटे, पाणी.' मी नवी नवरी होते तेव्हापासून त्या मला धाकटे म्हणायच्या. ती हाक माझ्या कानांना आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी जिन्यात जाऊन अशी ओरडले की कंडक्टरांच्या आधी त्यांची शिट्टी वर पोचली. ज्यांना मी वर एवढी नावं ठेवली ती सगळी माणसं मग त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात होती. शिंप्यांनी गळ्यातला मफलर काढला, भिजवला आणि जाऊबाईंच्या मानेला गुंडाळला. हेडक्लार्क बाई वर्तमानपत्राने वारा घालत होत्या, हात बदलायला तयार नव्हत्या. कुणीतरी बादल्या आणल्या, कंडक्टरांनी गाडी दाराशी लावली. मी नुसती जाऊबाईंचा हात धरून बसले होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात भाच्याचा फोन आला तेव्हा त्यांच्या हाताला सलाइन होतं, म्हणून फोन मी त्यांच्या कानाशी धरला. किती वेळ पडून होतीस, असं तो विचारत होता. जाऊबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, 'वेळ कसला? मी पडले आणि ही लगेच आली.'

मी गप्प राहिले. ते 'लगेच' त्याच्याकडून तुमच्याकडे आलं आणि तुम्ही त्यावर माझे उपकार मानलेत.

आता मघाशी जे टाळलं तेही सांगते. गॅलरीचं भांडण नावाला होतं. हे गेले त्या दिवशी सकाळपासून यांच्या छातीत दुखत होतं, पण यांनी मला पत्ता लागू दिला नाही. पित्त झालंय म्हणाले, मी ड्युटीवर गेले. परत बोलावणं आलं तेव्हा सगळं संपलं होतं. तुम्ही अजून वाटेत होतात. घर माणसांनी भरलेलं, आणि जाऊबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, 'तुझ्या लक्षात कसं आलं नाही?' एवढंच. त्यांनी या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं बघितलं होतं, रडता रडता बोलून गेल्या असतील. पण ते वाक्य मी धरून बसले. त्यांनीही कधी परत घेतलं नाही. मग बोलणंच थांबलं.

आणि आता तेच वाक्य विचारायचा त्यांना पुरता हक्क होता. मी वाट बघत होते. दवाखान्यात, इथे आल्यावर, रोज. भिंतीला जगातलं सगळं सांगून झालं, हे सोडून. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता खरं कळलं की तुम्हीसुद्धा तेच विचाराल, आणि मला ते दुसऱ्यांदा ऐकवणार नाही. म्हणून चारदा उठले. शेवटी परवा मीच जाऊबाईंना विचारलं, मुलाला खोटं का सांगितलंत? त्या माझे टॉवेल उलगडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'एकदा तुला बोलले होते. ते एकदाच खूप झालं.' मग म्हणाल्या, तो निळा दे इकडे. मी दिला. त्यांनी त्याच्या तीन घड्या केल्या, आणि मी त्या तशाच राहू दिल्या.

काल कंडक्टरांनाही खरं सांगितलं, भर खोलीत, सगळ्यांसमोर. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी काढतील. त्यांनी आधी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. मग म्हणाले की नुसतं 'बघितली' ऐकून पुढे गेलो, ही माझीही चूक. तेवढ्यात शिंपी पुटपुटले की तेही जोडीदाराला खिडकीतूनच हाक मारतात, गुडघे दुखतात म्हणून. हेडक्लार्क बाई नुसता फोनचा मिस्ड कॉल देतात. वन्सं, निम्म्या वसाहतीने हीच लबाडी चालवली होती, आणि मी एकटीच मेले लाजेने. आता नियम बदललाय. दार उघडायचं, आत जायचं, खाली बसायचं आणि दोघांनी एकेक पेला पाणी प्यायचं. बोलायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

माझ्या शब्दावर ठरवणार म्हणालात. शब्द देणारी बाई कशी आहे ते मी वर लिहिलंय, एक अक्षर झाकलेलं नाही. हे वाचून तुम्ही त्यांना न्यायचं ठरवलंत, तर मी काय म्हणून अडवणार? गार खोली आहे, परिचारिका आहे, आणि तिथली कुणी दाराबाहेरून भांडून झोपायला जाणार नाही. त्यांचं सामान मी बांधून देईन, टॉवेल तीन घड्यांचे ठेवीन.

पण वन्सं, विचारलंत म्हणून सांगते. त्यांना नेऊ नका.

हे मी त्यांच्या भल्यासाठी म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणते. इतकी वर्षं मला वाटायचं की या मजल्यावर मी एकटी राहते. एकटी कुठली? सकाळी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची, रात्री त्यांचा दिवा मालवला की मग माझा मालवायचा. त्यांच्यावर चिडण्यात माझा अर्धा दिवस जायचा. त्या गेल्या तर मी त्या दिवसाचं काय करू? मला त्या हव्या आहेत. वैताग आणतात, माझं डोकं खातात, आणि मला हव्या आहेत. हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आणि त्यांनाही विचारलं, भिंतीमार्फत नाही, समोर बसून. तुम्हाला तिकडे जायचंय का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलंय.

'मी कशी जाणार? सकाळची पाळी माझी आहे.'

रविवारी या जरूर. राहायला या, चांगल्या आठ दिवस राहा, आणि आमच्या दोघींचं ऐकून तुमचंही डोकं उठू दे. तुमचं वय बघून कंडक्टर तुम्हालाही जोडीला लावतील, त्याची तयारी ठेवा.

हे पत्र बंद करण्याआधी जाऊबाईंना वाचायला दिलं. न दाखवता पाठवलं असतं तर तीही पुन्हा एक लबाडीच झाली असती. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं. 'मला त्या हव्या आहेत' या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुढे वाचत गेल्या. मला म्हणाल्या, खाली माझ्या सहीला जागा ठेव.

तुमच्या,

धाकटी वहिनी
आणि मोठी वहिनी